दर सोमवारी टाकी रिकामी करायची म्हणे!

पार्ट वॉशिंगचा तो मेसेज आता चौथ्यांदा आला, आणि यावेळी टाकला आमच्याच क्वालिटीवाल्याने. (घरच्या कपड्यांचं मशीन नाही हो, मशीनिंग झालेले पार्ट असेंब्लीला जायच्या आधी गरम केमिकलच्या पाण्याने धुतो ते.) मेसेज थोडक्यात असा: सोल्यूशन दर सोमवारी पूर्ण बदला, पीएच पट्टी ११ दाखवतेय तोवर केमिकल ओके समजा, लेव्हल उतरली की एक कॅन ओता, फेस भरपूर आला म्हणजे धुलाई मस्त, आणि वर तेल तरंगत असलं तर टेन्शन नको कारण पंप खालून ओढतो. शेवटी अर्थातच "सर्व शॉपफ्लोअर बंधूंना पाठवा". पाठवलं सगळ्यांनी. मी भोसरी-चाकण पट्ट्यात बरीच वर्षं ह्याच मशीनांच्या मागे लागलेला माणूस आहे म्हणून लिहितोय, पटलं नाही तर भांडा.

आधी पीएच पट्टी, कारण खरा घोळ तिथेच आहे. पीएचची मोजपट्टी साधी नाही, ती लॉगरिदमवर चालते, म्हणजे साध्या कॉस्टिकच्या पाण्यात केमिकल निम्मं झालं, ३ टक्क्यांचं दीड टक्का झालं, तरी पीएच उतरतो फक्त ०.३ ने. आणि आपल्या क्लीनरमध्ये सिलिकेट नाहीतर कार्बोनेट असं काहीतरी असतंच जे पीएचला धरून ठेवतं, त्यामुळे बऱ्याचदा तेवढाही उतरत नाही. पट्टीवर रंग १०, ११, १२ असे, आता ह्यात ०.३ कोणाला दिसणार, तेही शेडमधल्या पिवळ्या लाइटखाली? आमच्या एका लाइनच्या रजिस्टरमध्ये अख्खा महिना ११, ११, ११ लिहिलेलं, अक्षरसुद्धा एकाच दमात लिहिल्यासारखं. संशय आला म्हणून टायट्रेशन (ॲसिडचे थेंब मोजून केमिकलचे टक्के काढायची चाचणी) केलं तर जिथे २० थेंब ॲसिड लागायला हवं तिथे ८ थेंबांत गुलाबी रंग गायब. आमचे सीनियर ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, ॲसिडच कडक आलं असेल." नवीन बाटली फोडली. परत ८.

टायट्रेशन म्हटलं की लोकांना बारावीचं प्रॅक्टिकल आठवतं आणि घाम फुटतो. काही नाही हो, टाकीतलं १० मिली सोल्यूशन घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाका, गुलाबी होईल, मग सप्लायरने दिलेलं ॲसिड थेंबथेंब मोजत हलवत राहा, गुलाबी गेला की थांबा आणि थेंबांना सप्लायरच्या फॅक्टरने गुणा, आले टक्के. गॉगल आणि ग्लोव्हज घालून पाच मिनिटांचं काम. फक्त ॲल्युमिनियमसाठी जे सौम्य, जवळपास न्यूट्रल क्लीनर येतात त्यांना ही पद्धत चालत नाही, त्यांची वेगळी किट असते, सप्लायरकडून मागून घ्या. आणि कूलंटचा (मशीनिंग करताना वापरतात त्या थंड करणाऱ्या पाण्याचा) रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून टक्के दाखवणारी दुर्बीण, इथे वापरू नका, पार्टबरोबर आलेलं तेल आणि कूलंट पाण्यात मिसळलं की तो त्यालाही मोजतो, त्यामुळे सोल्यूशन जितकं घाण तितकं रीडिंग चांगलं, अशी गंमत होते.

लेव्हल उतरली की कॅन ओता, हे वाचून तर मी हसलोच. लेव्हल उतरते दोन कारणांनी. ६० डिग्रीला वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, केमिकल टाकीतच राहतं, आणि पार्टच्या खाचाखोचांत अडकून जातं त्यात पाणी-केमिकल दोन्ही जातं. वाफेचं पाणी गेलं असताना कॅन ओतला तर टक्के वाढत जातात. मग पार्टवर सुकल्यावर पांढरे डाग, ऑपरेटरच्या हाताची सालं निघतात, आणि कडक अल्कलाइन क्लीनर ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला लागला की ते काळं पडतं, वर सगळे विचारतात कास्टिंगवाल्याने काय माल पाठवला! आधी लेव्हल पाण्याने भरा, पंप दहा मिनिटं फिरवा, मग मोजा, मग लागेल तेवढंच केमिकल.

आता सोमवार आणि तेल, ही दोन एकत्रच घेतो.

पंप खालून ओढतो हे खरं. पण स्प्रे मशीनमध्ये नोझलचं सगळं पाणी वरून धबधब्यासारखं परत टाकीत पडतं आणि वरचं तेल ढवळून खाली नेतं, त्यात लेव्हल कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी भोवरा होऊन तेल सरळ आत. डिपवालं, म्हणजे पार्ट टाकीत बुडवून धुणारं मशीन असेल तर अजून छान, पार्ट खाली स्वच्छ होतो आणि बाहेर येताना त्याच तेलाच्या थरातून अंघोळ करून येतो. म्हणजे धुऊन परत माखला. शिवाय काही तेलं, चरबीवाली, अल्कलीबरोबर साबण बनवतात आणि केमिकल खातात.

तेल सुटतं कधी, तर मशीन बंद असताना. रात्रभर, रविवारभर पाणी शांत राहिलं की तेल आपोआप वर येतं. म्हणजे आठवड्यात टाकी वाचवायची सगळ्यात चांगली वेळ कुठली? सोमवारी सकाळी पंप चालू करायच्या आधी! आणि मेसेज सांगतो नेमकी त्याच वेळी टाकी ओतून द्या. बऱ्याच ठिकाणी बेल्ट स्किमर (फिरत्या पट्ट्याने वरचं तेल काढून बादलीत टाकतो तो) मशीनच्या मेन स्विचवरच असतो, मशीन बंद तर स्किमरही बंद, म्हणजे जेव्हा तेल वर असतं तेव्हा हा झोपलेला. आम्ही त्याला वेगळं कनेक्शन आणि टायमर लावला, पहिली शिफ्ट यायच्या तासभर आधी चालू होतो.

खर्चाचा हिशोबही घ्या. ५०० लिटरची टाकी, ३ टक्के म्हणजे १५ लिटर केमिकल, दर आठवड्याला ओतलं तर वर्षाला ७८० लिटर. वर २५ डिग्रीचं ५०० लिटर पाणी ६० ला न्यायला साधारण २० युनिट वीज, १२ किलोवॅटचा हीटर असेल तर पावणेदोन तास मशीन नुसतं तापतंय आणि लाइन उभी.

मग बदलायचं कधी? टक्के बरोबर आहेत, तेल काढलंय, फिल्टरची बॅग साफ आहे, तरी धुतलेल्या पार्टवर स्वच्छ पाणी ओतल्यावर पाण्याचा पापुद्रा अखंड न राहता फाटतो, थेंब थेंब होतो, तेव्हा सोल्यूशन संपलं. ते चार आठवड्यांनी होईल किंवा दहा दिवसांनी, पार्ट किती तेलकट येतात त्यावर. खाली गाळ आणि बुरी (धातूचा बारीक कीस) साचली की टाकी साफ करावीच लागते, पण ते गाळ बघून, वार बघून नाही.

फेसाचं पटकन. बादलीत हाताने धुताना फेस चालतो. स्प्रेमध्ये फेस म्हणजे पंप हवा ओढतोय, प्रेशर पडतंय. स्प्रेचे बरेच क्लीनर ठरलेल्या तापमानाच्या वरच फेस दाबतात, थंड पाण्यात पंप चालू केलात तर फेस जमिनीवर येणारच, आधी तापू द्या. आणि फेस मारायला सिलिकॉनचं अँटिफोम ओतू नका, पार्ट पुढे पेंटिंगला जात असेल तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पेंटशॉपवाले घरी येऊन शिव्या देतात.

मेसेजमध्ये पाण्याबद्दल एक शब्द नाही. बोअरच्या पाण्याची हार्डनेस ३०० पीपीएम धरा, महिनाभरात वाफेची भरपाई म्हणून १००० लिटर टाकलं तर ३०० ग्रॅम क्षार टाकीतच राहिले. हेच हीटरवर पापडी धरतात, नोझल बुजवतात. क्लोराइड असेल तर कास्ट आयर्न सकाळपर्यंत तांबूस, मग परत दोष केमिकलला. निदान टॉप-अपला तरी आरओचं पाणी वापरा.

आणि दर सोमवारचं ते ५०० लिटर जाणार कुठे हे कोणी सांगत नाही. तेलकट अल्कलाइन पाणी चेंबरमध्ये सोडणं बेकायदा आहे, ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) नाहीतर परवानाधारक एजन्सीकडे द्यायचं, पैसे देऊन.

क्वालिटीवाल्याला ग्रुपवर एवढंच लिहिलं: सोमवारी पावणेसातला ये, स्किमरखालची बादली दाखवतो, तुझी पट्टी पण घेऊन ये.