एक चक्र वजा

वस्तू विकत घेण्यासाठी पैसे मोजावेत हे आमच्या वाडीत सर्वांना मान्य आहे. असलेली वस्तू काढून टाकण्यासाठी पैसे मोजावेत हे मात्र कोणालाही पटवून देता येत नाही. माझ्या माउंटन बाइकच्या पॅडलपाशी असलेल्या पुढच्या तीन दातेरी चक्रांपैकी 44 दातांचे मोठे चक्र काढायचे, 32 च्या जागी 36 चे बसवायचे आणि 22 चे तसेच ठेवायचे, असे मी ठरवले तेव्हा शेजारच्या आबांनी "डोके ठिकाणावर आहे ना रे?" एवढेच विचारले.

हिशेब खरे तर साधा होता. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता खाडीकडून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढतो आणि सड्यावरून पुन्हा खाली उतरतो. चढावर 44 दातांचे चक्र फिरवतील अशा मांड्या मला परमेश्वराने दिलेल्या नाहीत, उतारावर पॅडल मारावेच लागत नाही, आणि सड्यावर जो सपाट तुकडा लाभतो तेथे समुद्रावरचा वारा नेमका तोंडावर येतो. शिवाय पुढची तीन आणि मागची नऊ चक्रे मिळून होणारे गाडीचे सत्तावीस गिअर ही बरीचशी फुशारकीच आहे. पुढे 44 व मागे 23 दात काय, किंवा पुढे 32 व मागे 17 काय, पायाला कळेल असा फरक त्यांत नाही. पुढे 36 व मागे 11 ठेवून मिनिटाला पॅडलच्या 90 फेऱ्या मारल्या, तर 26 इंची चाकाची गाडी ताशी सुमारे 36 किलोमीटरने पळते. आमच्या रस्त्यावरच्या म्हशी त्याहून अधिक वेग खपवून घेत नाहीत.

हा सारा शास्त्रशुद्ध विचार चक्र धरून ठेवणाऱ्या चार बोल्टांपाशी अडला. खाऱ्या वाऱ्याने त्यांना आतून धरले होते. या बोल्टाची नट मागून आत शिरलेली असते आणि तिच्या पाठीवर एक बारीक खाच असते. पुढून बोल्ट फिरवला की नटही त्याच्याबरोबर निवांत फिरत राहते. खाचेत बसणारा दोन दातांचा खास पाना सायकलच्या मिस्त्रींकडे नव्हता. तेव्हा मी पुढून ॲलन की फिरवायची, त्यांनी मागून झिजलेला स्क्रू ड्रायव्हर रेटायचा आणि दुकानासमोर जमलेल्यांनी दिशा सांगायची, अशी कामाची वाटणी झाली. तीन बोल्ट रॉकेलला वश झाले. चौथा छिन्नीनेच निघाला.

पुढचे काम तुलनेने सोपे गेले. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या डिरेलरचा पिंजरा उरलेल्यांतल्या मोठ्या चक्राच्या दातांपासून एक ते तीन मिलिमीटर वर हवा, म्हणून तो खाली सरकवला. चेनीच्या चार कड्या काढल्या. हँडलवरचा खटका अजून तीन गिअरांचाच असल्याने तिसऱ्याची वाट स्क्रू आवळून बंद केली. मोठ्या चक्राच्या जागी ॲल्युमिनियमची दात नसलेली तबकडी बसली, ती चेनीला बाहेर पडू देत नाही. ती निरखून पाहत आबा म्हणाले, "म्हणजे दात काढायचे पैसे दिलेस, आणि वर बिनदातांची कवळी बसवून घेतलीस!"

मिस्त्रींनी बिल लिहिता लिहिता सांगितले, की हल्ली पुढे एकच चक्र ठेवण्याची पद्धत आहे, पण मग मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, मोठी लागते आणि खर्च यापेक्षा बराच जास्त येतो.

"आणि सगळीच काढली तर?" आबांनी विचारले.

मिस्त्रींनी पेन्सिल कानामागून काढली आणि गंभीरपणे आकडेमोड सुरू केली.