‘आकडे छापू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, आभार. समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांमधल्या एचआयव्हीचे आकडे छापून मी त्यांच्यावर रोगाचा शिक्का मारतो, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेल्यावर हक्कांची भाषा कशाला, असे तुमचे दोन आक्षेप आहेत.

शिक्क्याची भीती मला समजते. पण आकडा दडवून हाती काय लागेल? २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत या पुरुषांमधलं प्रमाण २.६९ टक्के आलं. त्याच वर्षी देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते अंदाजे ०.२२ टक्के होतं. जवळजवळ बारापट! गुदमैथुनातून विषाणू अधिक सहज जातो, हे एक कारण. दुसरं कारण आपण घडवलेलं आहे. जुलै २००१ मध्ये लखनौत याच पुरुषांना एचआयव्हीची माहिती आणि कंडोम पुरवणाऱ्या कार्यकर्त्यांना ३७७ खाली पकडून महिनाभराहून जास्त तुरुंगात ठेवलं. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात नॅकोने, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, सांगितलं की या कलमामुळे लोक लपून राहतात आणि आमचं काम अडतं. त्याच सरकारचं गृहखातं मात्र कलमाच्या बाजूने उभं राहिलं. ही भीती आकड्यात मुरलेली आहे.

शिवाय या पाहणीतले नमुने मुख्यतः संस्थांच्या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पांत येणाऱ्यांचे असतात. तालुक्याच्या गावातला, लग्न झालेला, कुणालाच काही न सांगितलेला पुरुष त्यात येतच नाही. आणि प्रकल्प मंजूर होतो तो त्या भागात किती माणसं आहेत यावर. जो मोजला जात नाही, त्याच्या वाट्याला ना कंडोम, ना तपासणी, ना सोबत येणारा कार्यकर्ता. म्हणून मला हा आकडा अपुरा वाटतो.

आता हक्क. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ वरचा निकाल आला आणि १० सप्टेंबरला एचआयव्ही कायदा लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, गुप्तता पाळायची, नोकरीत, उपचारात, घर देताना भेदभाव करायचा नाही, असं तो सांगतो. पण २०१७ च्या रक्तदानाच्या मार्गदर्शक सूचनांनी या पुरुषांना, चाचणी निर्दोष आली तरी, कायमचा मज्जाव केला. ३७७ च्या निकालाने तो उठला नाही. सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, २००४ पासून मोफत आहे. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. पण रांगेत सगळ्यांसमोर ‘कुणाबरोबर गेला होतास?’ असं विचारलं गेलं, तर माणूस पुन्हा तिथे पाय ठेवेल का?

अशा वागणुकीची तक्रार ऐकायला प्रत्येक राज्याने लोकपाल नेमावा, असं हाच कायदा सांगतो. तक्रार कशी करायची, यावर पुढचा लेख लिहितो आहे. तोही वाचा, आणि पटला नाही तर असंच सविस्तर कळवा.