‘सात दिवस सहन करा, सुटाल’ : या सल्ल्यात काय चुकतं

ओपिऑइड, म्हणजे अफूच्या गुणाच्या, वेदनाशामक गोळ्यांची सवय लागलेल्यांसाठी एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. गोळ्या एकदम बंद करा, सात दिवस दात-ओठ खाऊन काढा, त्याने जीव जात नाही, जुलाब लागले तर लोपेरामाइड जास्त घ्या, आणि ब्युप्रेनॉर्फिन-मेथाडोन या व्यसनावरच्या उपचाराच्या औषधांच्या वाटेला जाऊ नका, कारण ते दुसरं व्यसनच. सात दिवसांत शरीर साफ होतं. पाठवणाऱ्यांना आपल्या माणसाची काळजी असते, हे खरं. सल्ला मात्र घातक आहे.

‘एकदम बंद करा.’ मॉर्फिन, ऑक्सिकोडोन किंवा ट्रामाडॉल महिनोन्‌महिने घेतलं की मेंदू त्या गुंगीशी तोल साधायला नॉरअॅड्रेनालिन या शरीराला सावध ठेवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतो. गोळी अचानक थांबते, पण तो जोर तसाच राहतो. म्हणून धडधड, घाम, अंगावर काटा, जांभया, पोटात मुरडा, रात्रभर हातपाय झाडणं. यात मनाचा दुबळेपणा कुठेही नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये अचानक बंद करण्याविरुद्ध इशारा दिला, तो असह्य वेदना, मानसिक यातना आणि आत्महत्या नोंदल्या गेल्यामुळे. वर्षाहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्यांना महिन्याला १० टक्के किंवा त्याहून हळू कपात बहुधा झेपते.

पण १० टक्के कशाचे? बहुतेकांचं गणित इथेच फसतं. रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्याने प्रत्येक पायरीला सरळ १० कमी केले, तर पहिली पायरी दहाव्या हिश्शाची असते, पण २० वरून १० वर येताना डोस निम्मा होतो. शेवटच्या टप्प्यात माणसं कोसळतात ती यामुळे. टक्के त्या-त्या वेळच्या डोसवर धरायचे: १००, ९०, ८१, ७३. त्रास उफाळला तर त्याच पायरीवर काही आठवडे थांबायचं. सगळ्यात लहान डोसवर पोचलं की दोन डोसांमधलं अंतर वाढवायचं. हळूहळू विरघळणारी गोळी मोडायची वा कुटायची नाही, सगळा डोस एकदम सुटतो. त्वचेवर चिकटवायचा औषधाचा पॅचही कापायचा नाही. हे वेळापत्रक डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवावं.

‘जीव जात नाही.’ बहुतेकांचा जात नाही, पण सततच्या उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आटून, क्षारांचा तोल बिघडून मृत्यू झालेले आहेत. गरोदरपणी अचानक बंद करणं गर्भाला धोक्याचं. सोबत बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या चालू असतील आणि त्याही एकदम सोडल्या, तर फिट येऊ शकते.

‘लोपेरामाइड जास्त घ्या.’ अजिबात नको. ठरलेल्या मात्रेपलीकडे ते हृदयाचे ठोके बिघडवतं, कधी प्राणघातक रीतीने.

‘ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे दुसरं व्यसन.’ शरीराला औषधाची सवय असणं वेगळं. त्या औषधापायी काम, घर, तब्येत सगळं पणाला लावणं वेगळं. ओपिऑइड मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (पेशींवरच्या जागांवर) बसतात, ब्युप्रेनॉर्फिन त्यांनाच घट्ट चिकटतं, पण त्यांना अर्धवटच चेतवतं. त्यामुळे तलफ शमते आणि एका मर्यादेनंतर श्वास मंदावण्याचा परिणाम फारसा वाढत नाही. हे उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेर असलेल्यांच्या निम्म्याहून कमी आढळलं आहे. औषध सोडल्यानंतरचे पहिले आठवडे पुन्हा जोखमीचे.

त्याची बदनामी होते ती बऱ्याचदा पहिला डोस घाईने घेतल्यामुळे. आधीचं ओपिऑइड ग्राहींवर असतानाच ते घेतलं, तर त्याला हुसकावून स्वतः बसतं आणि सगळी लक्षणं एकदम, दुप्पट जोराने येतात. कमी काळ टिकणाऱ्या गोळीनंतर साधारण १२ ते २४ तास थांबायचं, मेथाडोननंतर बरंच जास्त. बाहुल्या मोठ्या, नाक गळतंय, अंगावर काटा, अशी लक्षणं स्पष्ट दिसल्यावर २ ते ४ मिलिग्रॅमने सुरुवात होते. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर बरंचसं वाया जातं.

‘सात दिवसांत शरीर साफ.’ कमी काळ टिकणाऱ्या गोळ्यांची तीव्र लक्षणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर पोचतात आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतात, एवढं बरोबर. झोप आणि मन सावरायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. आणि याच काळात शरीर जुना डोस पेलण्याची ताकद गमावतं. एखाद्या वाईट रात्री माणूस नेहमीचा डोस घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून गोळ्या बंद केलेल्या घरात ओपिऑइडचा असर उतरवणारं, नाकात फवारायचं नॅलॉक्सोन हवं, आणि ते कसं वापरायचं हे घरच्यांना ठाऊक हवं. हाक मारून, हलवून माणूस जागा होत नसेल, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा असेल, ओठ निळे पडले असतील, तर फवारा मारा, रुग्णवाहिका बोलवा, श्वास नसेल तर तोंडाने द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा. शुद्धीवर आला तरी एकटं सोडू नका: नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो, पोटातली गोळी त्याहून जास्त टिकते.