तीन तपासण्या नॉर्मल, म्हणून अटॅक नाही?

गावागावांतल्या व्हॉट्सॲपवर सध्या हा निरोप फिरतोय: "साठीपुढच्या शुगरवाल्यांनी प्रोबीएनपी, सीआरपी, ट्रोपोनिन एकदा करा. तिन्ही नॉर्मल, तर पाच वर्षं अटॅक नाही. कोलेस्टेरॉलची गोळी बंद!"

"प्रोबीएनपीत ब्लॉकेज कळतं." नाही कळत. हृदयावर ताण आला की हे प्रथिन रक्तात वाढतं, म्हणजे हृदय थकतंय का एवढंच ते सांगतं. त्यासाठी वर्षातून एकदा करायला हरकत नाही. निरोपात खरं आहे ते इतकंच. एनटी-प्रोबीएनपी (रिपोर्टवर हेच नाव असतं) १२५ च्या वर गेलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी. पण वयानं आणि मंदावलेल्या किडनीनंही ते चढतं, लठ्ठ माणसात उलट कमी दिसतं. किडनीचं म्हणाल, तर "क्रिएटिनिन १.१, नॉर्मल" यावर भुलू नका. ७२ वर्षांच्या बाईत १.१ म्हणजे ईजीएफआर, किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, जेमतेम ५३. रोवणी-निंदणात सुकलेल्या अंगात स्नायूच कमी, आणि क्रिएटिनिन तयार होतं स्नायूतूनच, म्हणून तेही कमी दिसतं. ईजीएफआर लॅबवाल्याला मागून घ्या.

"सीआरपी वाढला की अटॅक जवळ." सीआरपी अंगात कुठेही सूज असली की वाढतो. पायात तुरीचं धसकट रुतून पिकलं, दाढ सुजली, ताप येऊन गेला, तरी तो वाढतो. १० च्या वर आला तर आधी बोटांच्या बेचक्या आणि टाचेच्या भेगा पाहा. शुगरनं पाय बधिर झाला असेल तर जखम दुखतही नाही. ती बरी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

एचबीएवनसीचं, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीचं, तर निरोपात नावच नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल बराच. एसएस रुग्णाच्या, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलसेल आलेल्याच्या, लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी खोटा कमी येतो. अशा रुग्णात उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगरच धरावी. लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिनही निरोपवाले विसरले. सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण ३० च्या वर गेलं, तर किडनीसोबत हृदयाचाही धोका वाढलेला असतो. एकाच नमुन्यावर ठरवू नका, हा आकडा हलता असतो.

"गोळी बंद." यातला सगळ्यात घातक सल्ला हाच. ४० ते ७५ वयाच्या शुगरवाल्यांना स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, देतात ती शुगरच्या धोक्यासाठी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कितीही असो. आणि गोळी घेणाऱ्याचा एलडीएल ६५ आलाय तो गोळी चालू आहे म्हणूनच. पंचाहत्तरीनंतरही चालू गोळी मनानं सोडू नये.

ट्रोपोनिन सांगतं हृदयाच्या स्नायूला आत्ता इजा होतेय का. पुढच्या पाच वर्षांची हमी ते देत नाही. अटॅकच्या पहिल्या तासात तेही नॉर्मल येऊ शकतं, म्हणून दवाखान्यात एक ते तीन तासांनी पुन्हा रक्त घेतात. शुगरवाल्यांना छातीत कळ येईलच असं नाही. पऱ्हाटीच्या धुऱ्यावर अचानक दम लागला, दरदरून घाम सुटला, मळमळलं, तर मागच्या दिवाळीतला रिपोर्ट शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि पोचल्या पोचल्या ईसीजी काढायला सांगा.