क्लॉड रेन्स फक्त ‘आवाज’ होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्लॉड रेन्स या इंग्लिश नटावरच्या माझ्या लेखाबद्दल इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: क्लॉड रेन्स जन्मभर दुय्यम भूमिकांतच राहिला, ज्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ चित्रपटानं त्याचं नाव झालं त्यात शेवटच्या क्षणापर्यंत चेहरासुद्धा दिसत नाही, म्हणजे उरतो तो आवाज. आणि आवाज ही देवाची देणगी, त्यात अभिनय कसला?

तो आवाज देणगी नव्हता हो. १८८९ साली लंडनमध्ये गरिबाघरी जन्मलेलं हे पोर तोतरं बोलायचं, बोली ठार कॉकनी आणि ‘र’ तर जिभेवर येतच नसे. स्वतःचं आडनावही धड घेता यायचं नाही! नट आणि नाट्यनिर्माते हर्बर्ट बीरबोम ट्री यांच्या नाटकगृहात नटांना ‘तुमचा प्रवेश आला’ म्हणून हाका मारायचं काम करता करता तो वाढला. ट्रीनी पदरचे पैसे घालून त्याला उच्चार शिकायला पाठवलं. पुढे हाच मुलगा लंडनच्या ‘राडा’ या नाट्यसंस्थेत शिकवू लागला. पुढे गाजलेले नट जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन त्याचे विद्यार्थी. मधल्या काळात, १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या विमीच्या आघाडीवर विषारी वायूनं एका डोळ्याची दृष्टी जवळपास गेलेली. ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१९३३) आला तेव्हा त्यानं चाळिशी ओलांडली होती.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. ‘त्याची कुणी कदर केली नाही’ हे लेखातलं माझं वाक्य चुकलंच. साहाय्यक अभिनेत्याची चार ऑस्कर नामांकनं मिळूनही बाहुली एकदाही हाती आली नाही, हे खरं. पण १९५१ मध्ये ‘डार्कनेस ॲट नून’ या नाटकासाठी त्याला टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला होता. वाक्य काढून टाकलं आहे.

‘दुय्यम’बद्दल मात्र मी मागे हटणार नाही. हिचकॉकचा ‘नॉटोरियस’ (१९४६) घ्या. रेन्सचा सबॅस्टियन नाझी आहे, बायको अमेरिकेची हेर निघाल्यावर तिला विष घालतो आहे. तरीही बायको झालेल्या इन्ग्रिड बर्गमनशेजारी उभा राहिलेला तो बुटका, आईच्या धाकातला माणूस तिच्यावर मनापासून प्रेम करतो हे आपल्याला पटतं, आणि त्याची फसवणूक झाली की आपल्याच पोटात कालवतं. नायक कॅरी ग्रँटबद्दल मला असं कधीच वाटलं नाही.

शेवटचा प्रसंग पुन्हा एकदा बघाच. ग्रँट बर्गमनला गाडीत बसवतो आणि दाराला कडी घालतो. ‘मलाही न्या’ म्हणून सबॅस्टियन गयावया करतो, गाडी निघून जाते. मागून त्याचे साथीदार त्याला आत बोलावतात. आत गेलं की मरण, हे त्याला कळून चुकलेलं असतं. तो वळतो आणि त्या पायऱ्या चढू लागतो. आपल्याला दिसते ती फक्त पाठ. आवाज नाही, चेहरा नाही. दार बंद होतं.