वाचनालयाचे नूतनीकरण : नव्या कार्यवाहांस काही सूचना

शंभरी ओलांडलेल्या एखाद्या वाचनालयाचे कार्यवाहपद आपल्याकडे नुकतेच आले असेल आणि जीर्णोद्धाराचा निधीही मंजूर झाला असेल, तर मुंबईतले काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय पाहून येण्याचा मोह आधी आवरावा. मालाडच्या पिवळसर दगडात बांधलेल्या १८७० सालच्या त्या इमारतीचे उतरते छप्पर मधल्या काळात कोणीतरी काढून वर काँक्रीटचा सपाट स्लॅब घातला होता. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो स्लॅबच उतरवला, पुन्हा उतरते छप्पर चढवले आणि २०२३ मध्ये ग्रंथालय वाचकांना खुले करून दिले. एवढा खर्च करून इमारत पूर्वी होती तशी दिसणार असेल, तर वार्षिक सभेत आपण दाखवायचे काय?

आपण भिंतींपासून सुरुवात करावी. जुन्या गवंड्यांनी दगडांचे सांधे चुन्यात भरले, कारण चुना ओल घेतो आणि हवेत सोडूनही देतो. तो गिलावा खरवडून त्या जागी सिमेंटचा जाड थर चढवावा. पावसाळा सरला की आत कोंडलेली ओल वाट शोधू लागेल, कमरेच्या उंचीवर पांढरा क्षार फुलेल, रंगाचे पोपडे नखाने सोलता येतील आणि पुढे दगडाचेही पापुद्रे सुटू लागतील. घाबरू नये, यालाच इमारत धोकादायक होणे म्हणतात आणि त्यावर दुसरी निविदा निघते. चुना कित्येक दिवस भिजत ठेवायला हवा म्हणणारा एखादा म्हातारा गवंडी भेटलाच, तर त्याच्याकडे जीएसटी क्रमांक मागावा. तो मुकाट्याने निघून जाईल.

गरम हवा बाहेर जावी म्हणून भिंतीत वर ठेवलेले झरोके फॉल्स सीलिंगच्या मागे गाडावेत, म्हणजे वातानुकूलन यंत्रांची गरज सिद्ध करण्यास वेगळा अहवाल लागणार नाही. सागवानी कपाटे कुजल्याचा दाखला मिळवावा. (असा दाखला मिळालेले कपाट पुढे कोणाच्या तरी दिवाणखान्यात पन्नास वर्षे सहज टिकते.)

राहता राहिली पुस्तके. बांधकाम चालू असेपर्यंत ती पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवावीत. वाळवीलाही वाचनाची गोडी लागली पाहिजे. पोती भरताना दाखलनोंदवही सर्वांत तळाच्या पोत्यात घालावी, म्हणजे काय हरवले हे विचारण्याची सोय उरत नाही. दुर्मिळ ग्रंथांचे डिजिटायझेशन मात्र अवश्य करावे. बांधणी कापून पाने सुटी केली की स्कॅनिंग झपाट्याने होते. सुटी पाने रद्दीत आणि हार्ड डिस्क आपल्या खणात, अशी कामाची वाटणी ठेवावी. मोकळ्या झालेल्या दालनात सेल्फी पॉइंट, कॅफे आणि स्पर्धा परीक्षांची सशुल्क अभ्यासिका सुखाने मावतात.

उद्घाटनाच्या दिवशी एखादे आजोबा काम सुरू होण्यापूर्वी नेलेल्या दोन कादंबऱ्या कापडी पिशवीत घालून दाराशी येतील आणि देवघेवीची खिडकी कुठे गेली, असे विचारतील. त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, हवे तर पाहुण्यांसोबत त्यांचा फोटोही काढावा. कादंबऱ्या मात्र परत घेऊ नयेत. त्या ठेवायला जागा राहिलेली नसते.