स्नॅपिंग चालू होतं, तरी फट राहिलीच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सामाईक सीमांवरच्या लेखाखालची तुमची तक्रार थोडक्यात अशी: क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपिंग (कर्सर जवळच्या बिंदूला आपोआप चिकटणं) चालू ठेवूनही शेजारच्या पॉलिगॉनांत, म्हणजे नकाशावरच्या बंद आकृत्यांत, फटी राहतात, 'स्नॅप जॉमेट्रीज टू लेअर' हे टूल टॉलरन्स (किती अंतरापर्यंत ओढून जुळवायचं ते) १ ठेवून चालवल्यावर लहान प्लॉट गायब झाले, आणि एकेक कड हाताने जुळवत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

प्लॉट गायब होण्याचा दोष लेखाचाच. तिथे १ हा आकडा दिला, एकक दिलं नाही. हे टूल लेअरच्या (नकाशाच्या त्या थराच्या) सीआरएसचं, म्हणजे निर्देशांक-पद्धतीचं, एकक धरतं. यूटीएम या मीटरवाल्या पद्धतीत १ म्हणजे १ मीटर. लेअर अक्षांश-रेखांशात असेल तर १ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर. एवढ्या टप्प्यात प्लॉटचं काय उरणार! आधी लेअर मीटरवाल्या सीआरएसमध्ये रिप्रोजेक्ट करा. मग टॉलरन्स सगळ्यात मोठ्या फटीपेक्षा किंचित जास्त, पण सगळ्यात अरुंद खऱ्या पॉलिगॉनच्या निम्म्या रुंदीपेक्षा कमी ठेवा. दोन्ही अटी एकदम पाळता येत नसतील तर त्या लेअरवर हे टूल चालवूच नये.

आता फटी. नकाशाची फाइल शेपफाइल असो किंवा जिओपॅकेज, ती सामाईक सीमा एकदाच साठवत नाही. प्रत्येक पॉलिगॉनकडे तिची स्वतंत्र प्रत असते. समजा अ या पॉलिगॉनच्या ५० मीटर लांब कडेवर तीन व्हर्टेक्स (कोनबिंदू) आहेत आणि मधला ४० सेंटिमीटर आत सरकलेला आहे. तुम्ही शेजारचा ब काढताना दोन्ही टोकं बिनचूक स्नॅप केलीत, पण मधला व्हर्टेक्स घेतलाच नाही. स्नॅपिंगने आपलं काम चोख केलं, तरी मध्ये १० चौरस मीटरचा त्रिकोण उरला. स्नॅपिंग कर्सरपुरतं बघतं, कडेपुरतं नाही. आणि स्नॅपिंगचा टॉलरन्स पिक्सेलमध्ये असेल तर झूमही सांभाळा: ९६ डीपीआयच्या स्क्रीनवर १२ पिक्सेल म्हणजे १:१,००० ला साधारण ३ मीटर, १:५०,००० ला जवळपास १६० मीटर.

नवीन पॉलिगॉन काढताना 'अव्हॉइड ओव्हरलॅप' चालू करा आणि रेघ मुद्दाम शेजाऱ्याच्या हद्दीत घुसवा. आत गेलेला भाग त्याच्या सीमेवरच कापला जातो, मधल्या व्हर्टेक्ससकट. जुनी कड दुरुस्त करायची असेल तर चुकीचा पॉलिगॉन आधी सिलेक्ट करा, म्हणजे शेजारी हलणार नाही. मग 'रिशेप फीचर्स' घ्या, टी दाबून ट्रेसिंग (असलेली कड गिरवणं) चालू करा (स्नॅपिंग चालू हवंच), सामाईक कडेच्या एका टोकावर क्लिक, बरोबर कडेच्या मधल्या व्हर्टेक्सवर क्लिक, दुसऱ्या टोकावर क्लिक, राइट-क्लिक. 'टोपोलॉजिकल एडिटिंग'चं बटण याच्या नंतरचं: आधीच जुळलेली सीमा हलवताना दोन्ही बाजू सोबत हलाव्यात म्हणून. न जुळलेली सीमा ते जुळवत नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

वेळेच्या अपव्ययाबद्दल मात्र मी सहमत नाही. दोनपैकी कोणती कड खरी हे प्रोग्रॅमला कळत नाही. ते ठरवणं तुमचंच काम. आर्कजीआयएस प्रो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'अलाइन एज' दोन क्लिकचं आहे, मॅप टोपोलॉजी (सामाईक कडा ओळखणारी सोय) चालू असली की झालं: आधी हलवायची कड, मग जिच्यावर बसवायची ती. क्रम उलटा झाला तर बरोबर सीमा चुकीच्या सीमेवर जाऊन बसते, आणि टोपोलॉजीची तपासणी तरीही बिनचूक म्हणते! नदीसारख्या लांब रेषेला लागून पुष्कळ पॉलिगॉन असतील तर तिथेच 'अलाइन फीचर्स' बरं: मार्ग ट्रेस करून टॉलरन्स द्या, तेवढ्या पट्ट्यातलं सगळं त्यावर ओढलं जातं. 'स्नॅप जॉमेट्रीज'सारखा सरसकट स्नॅप फक्त मोजणीच्या अचूकतेपेक्षाही बारीक फरकांसाठी.

शेवटी क्यूजीआयएसच्या 'टोपोलॉजी चेकर'मध्ये गॅप आणि ओव्हरलॅप हे दोन्ही नियम लावा. गॅपच्या यादीत खरी तळीही येतील, ती भरून टाकू नका. आर्कजीआयएसच्या गॅप नियमात तर लेअरची बाहेरची कडसुद्धा चूक म्हणून येते; तिला 'एक्सेप्शन' म्हणून खूण करायची.

गायब झालेल्या प्लॉटांची काळजी नको. मूळ लेअरमध्येच बदल करण्याचा (इन-प्लेस) पर्याय वापरला नसेल तर 'स्नॅप जॉमेट्रीज टू लेअर' निकाल वेगळ्या लेअरमध्ये देतं, त्यामुळे मूळ लेअर शाबूत असणार. तिचा सीआरएस आधी बघा.